टाउन हॉल शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे : आमच्या संस्थेच्या संचालक मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, मा. सचिव व सर्व संचालक,
तसेच मा. मुख्याध्यापक यांस,

स. न. वि. वि.

जून महिन्यात शाळा सुरू होताना सूचनाफलकावर आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर नवे वेळापत्रक लागले. त्यानुसार सहावी ते आठवीच्या इतिहासाच्या तासिकांपैकी एक तासिका काढून ती एका खासगी क्लासच्या सहकार्याने चालणाऱ्या, पुढच्या प्रवेश परीक्षांची आतापासूनच तयारी करून घेणाऱ्या ‘फाउंडेशन’ वर्गाला देण्यात आली आहे. सूचनेच्या शेवटी, जणू जाता जाता आठवले म्हणून, आणखी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. तळमजल्यावरील इतिहास कक्ष या वर्गासाठी रिकामा करण्यात येत आहे, आणि सहावीची टाउन हॉल संग्रहालय व ब्रह्मपुरी येथील क्षेत्रभेट वेळेअभावी यंदापासून बंद राहील. या निर्णयाला माझा विरोध आहे. कार्यालयात दिलेल्या लेखी निवेदनाची पोच मिळाली, उत्तर मात्र आले नाही. म्हणून तेच म्हणणे आता सर्वांसमोर, थोडे विस्ताराने मांडत आहे. संस्थेचे नाव पत्रात घातलेले नाही, कारण कोणाची बदनामी करण्याचा हेतू नाही, आणि कोल्हापुरातल्या आणखीही काही पालकांना हे वर्णन आपल्याच मुलांच्या शाळेचे वाटेल असा माझा अंदाज आहे.

मी या शाळेत पाचवी ते दहावी शिकले. सध्या शिवाजी विद्यापीठात इतिहास विषयात एम. ए. करते आहे. माझी चुलत बहीण यंदा याच शाळेत सहावीत आहे आणि संध्याकाळी तिचा अभ्यास मीच घेते, त्यामुळे वर्गात काय शिकवले जाते आणि काय शिकवायचे राहून जाते, ते तिच्या वहीवरून मला रोज कळते. आमच्या घरात इतिहासाचे कोणी नाही. वडील उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत मोल्डर आहेत, आई घरी शिवणकाम करते. मी या विषयाकडे वळले ते सहावीच्या वर्गात प्राचीन संस्कृतींचे पाठ ज्या रीतीने शिकवले गेले त्यामुळे. तो वर्ग कसा होता हे आधी सांगते, कारण आपण नेमके काय बंद केले आहे याची कल्पना आपल्यापैकी अनेकांना नसावी.

आमच्या इतिहासाच्या बाई फळ्यावर नकाशा काढून सुरुवात करीत. नद्या आधी, शहरे नंतर. हे पाठ जुलैच्या सुमारास येत, आणि जुलैमध्ये कोल्हापुरात नदीकडे लक्ष नसलेले घर सापडणे कठीण. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आले, ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली का, ४३ फुटांच्या धोका पातळीला किती राहिले, हे आम्हा मुलांनाही तोंडपाठ असे. बाईंनी त्यावरूनच नाईल शिकवली. इजिप्तमध्येही नदीकाठी दगडात खुणा कोरून पाणी मोजण्याची जागा केलेली असे, तिला नीलोमीटर म्हणतात. पूर किती चढला यावरून यंदा पीक कसे येईल आणि सारा किती बसवावा याचा अंदाज बांधला जाई. मग आपला बंधारा आणि त्यांचा नीलोमीटर सारखेच का, असे कोणीतरी विचारले. बाई ‘नाही’ म्हणाल्या आणि का नाही ते आम्हालाच शोधायला लावले. आपण पुराला भितो, ते त्याची वाट पाहत. नाईलचा पूर इथिओपियाच्या डोंगराळ प्रदेशातील पावसामुळे दरवर्षी ठरल्या सुमारास येई, गाळ टाकून ओसरे, आणि मग पेरणी होई. टायग्रिस व युफ्रेटिस या नद्यांना मात्र डोंगरातले बर्फ वितळून वसंत ऋतूत पूर येई, म्हणजे पीक कापणीला आलेले असताना. म्हणून मेसोपोटेमियातल्या शेतकऱ्याला बांध घालणे, कालवे काढणे आणि ते गाळाने भरले की पुन्हा उपसणे यातून कधीच सुटका नव्हती. ‘नदीकाठी सुपीक जमीन होती म्हणून संस्कृती उदयास आल्या’ एवढे एक वाक्य लिहून ज्या प्रश्नाचे दोन गुण मिळतात, त्या प्रश्नाखाली एवढे सगळे दडलेले होते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली तेव्हा मी दहावीत होते. शुक्रवार पेठेतल्या माझ्या एका मैत्रिणीचे घर पाण्यात होते. पाणी उतरल्यावर त्या लोकांनी घरातला चिखल काढला, भिंती धुतल्या आणि पुन्हा तिथेच राहायला गेले. मोहेंजोदडोची माणसे आधीच्या भिंतींवर, उंच चौथरे रचून, पुन्हा पुन्हा त्याच जागी घरे का बांधत राहिली, असे बाईंनी सहावीत विचारले होते आणि आमच्यापैकी कोणालाही धड उत्तर देता आले नव्हते. मैत्रिणीच्या आजीने ते एका वाक्यात दिले : “जायचं कुठं? सगळं हितंच आहे की.”

विटांचा तासही असाच. हडप्पा संस्कृतीतील विटेची जाडी, रुंदी आणि लांबी १:२:४ या प्रमाणात असते, हे परीक्षेसाठी एका गुणाचे वाक्य आहे. बाईंनी शाळेशेजारच्या बांधकामावरून एक वीट आणली, फूटपट्टी आमच्या हातात दिली आणि मोजायला सांगितले. आमच्या विटेचे प्रमाण काही जुळले नाही. त्यानंतर फळ्यावर जो प्रश्न आला तो पुस्तकाच्या स्वाध्यायात नव्हता : शेकडो किलोमीटर अंतरावरच्या शहरांमध्ये विटेचे एकच प्रमाण आणि वजनांची एकच पद्धत आढळते, तर ती कोणी ठरवली? एका राजाचेही नाव ठाऊक नाही, खात्रीने राजवाडा म्हणता येईल अशी इमारत सापडलेली नाही. हुपरीच्या एका मुलाच्या घरी चांदीचे काम चाले. त्याने दुसऱ्या दिवशी जुन्या वजनांची डबी आणली आणि वजनात खोट निघाली तर पेठेत काय होते ते सांगितले. व्यापाऱ्यांनीच आपापसात नियम ठरवले असतील, असे मत त्याने ठामपणे मांडले. बाईंनी ते बरोबर किंवा चूक असे काही न म्हणता फळ्याच्या एका बाजूला ‘एक शक्यता’ म्हणून लिहून ठेवले.

आणि लिपी. इजिप्तमधील रोझेटा येथील शिलालेख १७९९ साली सापडला. त्यावर एकच मजकूर तीन लिपींमध्ये होता आणि त्यातली ग्रीक वाचता येत होती, म्हणून शाम्पोलियों या फ्रेंच अभ्यासकाला १८२२ मध्ये इजिप्तच्या चित्रलिपीचे कोडे सोडवता आले. इराणमधील बेहिस्तून येथील तीन भाषांतल्या लेखाने मेसोपोटेमियातील कीलाकार, म्हणजे खिळ्यांच्या आकाराच्या चिन्हांच्या, लिपीची वाट मोकळी केली. हडप्पाच्या मुद्रांवरील लेख अगदी तोकडे, सरासरी पाचएक चिन्हांचे आहेत आणि वाचता येणाऱ्या दुसऱ्या लिपीची जोड असलेला एकही लेख मिळालेला नाही; म्हणून ती लिपी आजही वाचता येत नाही. एकशिंगी प्राण्याच्या मुद्रेचे चित्र काढून बाईंनी “यावर काय लिहिले आहे?” असे विचारले, आम्ही वाट्टेल ते तर्क लढवले, आणि अखेरीस त्यांनी सांगितले की जगात कोणालाच अजून माहीत नाही. शाळेत मी ऐकलेले ते असे पहिले उत्तर होते. बाकी सगळ्या विषयांत उत्तर कुठल्या तरी गाईडमध्ये असतेच.

घरी गेल्यावर या पाठांचे काय होई तेही सांगते. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तिथे १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल्ल या गावकऱ्याला खणताना चार कांस्यवस्तू सापडल्या : हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ. चारही मिळून वजन ६० किलोंहून अधिक. अनेक अभ्यासक त्या उत्तर हडप्पा काळातील मानतात. हे मी रात्री जेवताना वडिलांना सांगितले आणि त्या भरीव ओतलेल्या आहेत हेही सांगितले. त्यांनी घास हातात तसाच ठेवून विचारले, “भरीव? मग थंड होताना आत पोकळी कशी धरली नाही त्यांनी?” आयुष्यभर साच्यात धातू ओतणाऱ्या माणसाने साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या ओतारीला विचारलेला तो प्रश्न होता. माझ्या अभ्यासाबद्दल वडिलांनी स्वतःहून काही विचारण्याची ती पहिलीच वेळ. आमच्या शाळेत येणारी निम्मी मुले फाउंड्री, कुंभारवाडा, चांदीकाम, ऊसशेती अशा घरांतून येतात आणि हडप्पा किंवा पुणे जिल्ह्यातले इनामगावसारखे प्राचीन गाव समजून घ्यायला लागते ती बरीचशी माहिती त्यांच्या घरातच असते. ती वर्गात आणणारा शिक्षक हवा, एवढेच.

आता ब्रह्मपुरी. पंचगंगेच्या काठचे हे टेकाड शाळेपासून लांब नाही. तिथे १९४०च्या दशकात राजाराम कॉलेजचे प्रा. कुंदणगार यांनी आणि त्यानंतर १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. सातवाहन काळातले नांदते गाव मातीखालून बाहेर आले. विलिवायकुर यांसारख्या कुर राजांची धनुष्यबाणाचे चिन्ह असलेली नाणी कोल्हापुरात सापडली आहेत. ब्रह्मपुरीतच कांस्यवस्तूंचा जो साठा मिळाला त्यात हत्तीवर बसलेले स्वार आहेत, आणि पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, लहानशी मूर्तीही आहे. समुद्रापासून सह्याद्री ओलांडून आत असलेल्या या गावात भूमध्य समुद्राकडचा देव व्यापाराच्या वाटेने येऊन पोहोचला होता. या वस्तू ठेवण्यासाठी १९४६ मध्ये संग्रहालय सुरू झाले आणि पुढे ते टाउन हॉलच्या इमारतीत आले. सीपीआर रुग्णालयाला जाणारी हजारो माणसे रोज त्या इमारतीवरून जातात. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी टाउन हॉलची फक्त बाग पाहिली होती. पोसायडनच्या काचेसमोर आमचा वर्ग पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा पहिला प्रश्न आला, “एवढीच?” आणि दुसरा, “हा इथं कसा आला?” दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही रोमन व्यापार, पश्चिम किनाऱ्यावरची बंदरे, घाटवाटा आणि सातवाहन एवढे सगळे शिकलो, आणि त्यातला बराचसा भाग त्या वर्षीच्या परीक्षेत नव्हता.

हे सारे सांगण्याचे कारण, पुढच्या तक्रारी ‘जुन्या आठवणींत रमलेल्या माजी विद्यार्थिनीच्या’ म्हणून बाजूला ठेवल्या जाऊ नयेत.

पहिली तक्रार शिक्षकांविषयी आहे. बाई निवृत्त झाल्यापासून इतिहासाला स्वतंत्र विषयशिक्षक नाही. ज्यांची तासिका मोकळी असेल ते वर्गावर जातात. मागच्या वर्षी सहावीला काही महिने क्रीडाशिक्षकांनी आणि काही महिने गणिताच्या शिक्षकांनी इतिहास शिकवला. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही, त्यांनी दिलेले काम केले. संचमान्यतेत, म्हणजे पटसंख्येवरून सरकारने मंजूर केलेल्या शिक्षकपदांत, हे पद बसत नाही आणि पवित्र या सरकारी शिक्षकभरतीच्या पोर्टलवरून माणूस मिळत नाही, हे कार्यालयातून तोंडी सांगितले गेले आणि ते खरेही असेल. परंतु फाउंडेशनसाठी बाहेरचे शिक्षक मानधनावर आणता येतात, तर इतिहासासाठी तासिका तत्त्वावर एक शिक्षक का आणता येत नाही, याचे उत्तर मला मिळालेले नाही.

दुसरी तक्रार काढून घेतलेल्या तासिकेची. दहावीला इतिहास-राज्यशास्त्र मिळून ४० गुणांचा पेपर असतो, त्यामुळे खालच्या वर्गांत या विषयावर वेळ घालवणे परवडत नाही, असे पालकसभेत सांगण्यात आले. गुणांचाच हिशेब करायचा तर आठवीच्या एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेत समाजशास्त्राचे प्रश्न असतात आणि पुढे राज्यसेवा व यूपीएससी या दोन्ही परीक्षांत प्राचीन भारताचा इतिहास अभ्यासक्रमात आहे. त्या परीक्षांसाठी हीच मुले पाचसहा वर्षांनी पुण्याला जाऊन पैसे भरून हडप्पा शिकतील. हा मुद्दा आपल्या भाषेत मांडला आहे. माझा आक्षेप तेवढ्यावर थांबत नाही. पुरावा हातात घेऊन त्यावरून काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, हे सहावीच्या मुलाला वर्गात शिकण्याची जागा वेळापत्रकात मुळातच थोडी होती आणि आपण तीच कमी केली.

तिसरी तक्रार छापील नोट्सची. कमी झालेल्या तासिकेची भरपाई म्हणून त्याच खासगी क्लासच्या नोट्स मुलांना दिल्या गेल्या आहेत. माझ्या बहिणीच्या नोट्समध्ये हडप्पा संस्कृतीच्या ऱ्हासाचे कारण एका ओळीत, ‘महापूर’ असे दिले आहे. इ. स. पू. १९०० च्या सुमारास ही शहरे ओस पडू लागली त्यामागे कोरडे होत गेलेले हवामान, नद्यांच्या प्रवाहातील बदल, मेसोपोटेमियाशी असलेल्या व्यापाराला लागलेली ओहोटी अशी अनेक कारणे अभ्यासक मांडतात. माणसे नाहीशी झाली नाहीत, ती लहान वस्त्यांमध्ये पसरली, आणि त्यांच्या खुणा दायमाबादपर्यंत मिळतात. त्याच पानावर सिंधू लिपी वाचण्यात यश आल्याचे छापले आहे, जे साफ चुकीचे आहे. बहिणीने ते वाक्य मला म्हणून दाखवले. मी ते चूक असल्याचे सांगितल्यावर ती म्हणाली, “पण चाचणीत हेच लिहायचं आहे.” ती अकरा वर्षांची आहे. खरे काय आणि लिहायचे काय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला आपल्या शाळेने शिकवले.

चौथी तक्रार इतिहास कक्षाची, आणि ती मला सर्वांत जास्त लागली आहे. त्या खोलीत काय होते याची यादी आपल्याकडे बहुधा नसेल. दरवर्षीच्या सहावीने केलेल्या वस्तू तिथे होत्या. आम्ही शाडूच्या पाट्या करून, आइस्क्रीमच्या काडीचे टोक तिरके कापून, त्यावर कीलाकार लिपीची चिन्हे उमटवली होती. कोणी मोहेंजोदडोच्या स्नानगृहाची, कोणी लोथलच्या गोदीची प्रतिकृती केली होती. इनामगावच्या उत्खननात चार पायांच्या रांजणात पुरलेला माणूस सापडला, त्या रांजणाची मातीची छोटी नक्कल एका मुलीने कुंभार गल्लीतल्या आपल्या मामाकडून भाजून आणली होती. प्रत्येक वस्तूखाली पुठ्ठ्यावर बोरूने लिहिलेली चिठ्ठी होती : काय आहे, कुठे सापडले, मूळ वस्तू आज कोठे आहे, नक्कल कोणत्या तुकडीने केली. ऑगस्टमध्ये मी शाळेत गेले तेव्हा हे सगळे जिन्याखालच्या खोलीत, जुन्या बाकांवर आणि क्रिकेटच्या मॅटवर, पोत्यांत भरलेले होते. बऱ्याच पाट्या फुटल्या होत्या, चिठ्ठ्या एका वेगळ्या पिशवीत कोंबलेल्या होत्या, त्यामुळे कोणती चिठ्ठी कोणत्या वस्तूची हे आता फक्त ज्यांनी वस्तू केल्या त्यांनाच सांगता येईल.

दहावीच्या इतिहासात एक रिकामी जागा ठरलेली आहे : जगातील सर्वांत प्राचीन संग्रहालय कोणत्या शहराच्या उत्खननात सापडले? चार पर्यायांतून ‘उर’ निवडायचे, एक गुण. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूली यांनी १९२२ ते १९३४ या काळात मेसोपोटेमियातील उर येथे खोदकाम केले. तिथे त्यांना एका दालनात निरनिराळ्या शतकांतल्या वस्तू एकत्र नीट ठेवलेल्या आढळल्या आणि त्यांची माहिती लिहिलेली मातीची नळकांडीही मिळाली. इ. स. पू. सहाव्या शतकात बॅबिलोनचा राजा नबोनिडस याची मुलगी एन्निगाल्डी हिने तो संग्रह जमवला होता असे मानले जाते. वस्तू आणि तिची चिठ्ठी एकत्र राहिली पाहिजे हे तिला अडीच हजार वर्षांपूर्वी समजले होते. आपण या रिकाम्या जागेचा सराव मुलांकडून सराव परीक्षांत करून घेता, आणि तसाच एक लहानसा संग्रह पोत्यात भरून जिन्याखाली टाकता. याला मी निष्काळजीपणा म्हणते, याहून कठोर शब्द वापरत नाही.

पाचवी तक्रार क्षेत्रभेटीची. कारण ‘वेळेअभावी’ असे दिले आहे. त्याच पत्रकात डिसेंबरमध्ये सहावी ते आठवीची वॉटरपार्कची एक दिवसाची सहल जाहीर झाली आहे, तिचे पैसेही गोळा होत आहेत. मुलांनी पाण्यात खेळू नये असे कोण म्हणेल? परंतु टाउन हॉलला जायला एस. टी. लागत नाही, डबा लागत नाही, शुल्क भरायला लागलेच तर अगदी थोडे, आणि दोन तासिकांत वर्ग परत येतो. आमची पन्हाळ्याची सहल दरवर्षी होते, ती व्हायलाच हवी. त्याच भागात, जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याजवळ, पोहाळ्याची बौद्ध लेणी आहेत. तिथे मात्र आजपर्यंत आपल्या शाळेची बस थांबलेली नाही. संस्थेच्या प्रत्येक कार्यक्रमात कोल्हापूरच्या वारशावर भाषण होते आणि थोरांची नावे घेतली जातात. ती नावे मी या पत्रात घेणार नाही, त्यांचा आधीच पुरेसा वापर झाला आहे.

आर्थिक अडचणी मला ठाऊक नाहीत असे नाही. अनुदान वेळेवर येत नाही, पटसंख्या टिकवायची तर शेजारच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांशी स्पर्धा आहे, आणि ‘फाउंडेशन’चा फलक गेटवर लागला की प्रवेश वाढतात. फाउंडेशन वर्ग बंद करावा अशी मागणी म्हणूनच मी करत नाही. तो शाळा सुटल्यानंतर, ज्यांना हवा त्यांच्यासाठी चालवावा. इतिहासाच्या तासिकेत तो चालवू नये.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. सहावी ते आठवीची काढून घेतलेली इतिहासाची तासिका दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसऱ्या सत्राच्या पहिल्या आठवड्यापासून परत द्यावी. नियमित पद मंजूर होईपर्यंत इतिहास विषयात पदवी व बी. एड. असलेला एक शिक्षक तासिका तत्त्वावर नेमावा. मुलांना दिलेल्या नोट्समधील प्राचीन संस्कृतींचा भाग विषयाच्या जाणकाराकडून तपासून घ्यावा, चुकांचे शुद्धिपत्रक मुलांना लेखी द्यावे, आणि तोपर्यंत चाचणीत त्या नोट्समधील उत्तरांचा आग्रह धरू नये. जिन्याखालच्या वस्तू बाहेर काढून इतिहास कक्ष पुन्हा मांडावा. खोली देणे शक्यच नसेल तर ग्रंथालयाच्या भिंतीलगत दोन काचेची कपाटे तरी द्यावीत. सहावीची टाउन हॉल व ब्रह्मपुरीची क्षेत्रभेट याच वर्षी, जानेवारीपूर्वी व्हावी, आणि पन्हाळ्याच्या सहलीत पोहाळ्याची लेणी धरावीत. शेवटची मागणी अशी की, वेळापत्रकातून कोणताही विषय कमी करण्यापूर्वी तो ठराव पालक-शिक्षक संघासमोर ठेवावा. यावेळी पालकांना तो झाल्यानंतर कळला.

यांतल्या काही कामांत मी आणि माझ्या तुकडीतले काही जण हातभार लावू. वस्तू आणि चिठ्ठ्या जुळवायला आम्ही दोन रविवार द्यायला तयार आहोत, कारण कोणती पाटी कोणाची ते आम्हाला ओळखता येते. फुटलेल्या पाट्या पुन्हा कराव्या लागतील, त्यासाठीची शाडू आम्ही आणू. दुसऱ्या सत्रात शिक्षक मिळेपर्यंत आठवड्यातून एक तासिका विनामोबदला घेण्याचीही माझी तयारी आहे, मात्र ती तात्पुरती सोय म्हणून. माझ्यामुळे नेमणूक पुढे ढकलली जाणार असेल तर मी येणार नाही. निवृत्त बाईंना या पत्राविषयी मी काही विचारलेले नाही आणि त्यांचा याच्याशी काही संबंध नाही, याचीही नोंद घ्यावी.

पुढची पालकसभा दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आहे. सहावीच्या एका विद्यार्थिनीच्या घरातली म्हणून मी तिथे काकूंसोबत येणार आहे. वरील मागण्यांपैकी कोणत्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि नसल्यास का नाहीत, एवढे त्या सभेत लेखी मिळावे ही विनंती. जिन्याखालच्या खोलीची किल्ली मात्र त्याआधी मिळाली तर बरे होईल. परतीचा पाऊस सुरू झाला की त्या खोलीत ओल येते आणि पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या तिथे टिकणार नाहीत.

आपली नम्र,
शाळेची माजी विद्यार्थिनी (दहावी, मार्च २०२०)
कोल्हापूर